तुळजाक्कांचा शहाण्या फोनशी उभा दावा

आमच्या गल्लीत कुणी नवा फोन आणला की तो आधी देवापुढे जाई आणि मग तुळजाक्कांपुढे. देवाचं बरं असतं, तो काही बोलत नाही. अक्का बोलत. फोन हातात घ्यायच्याही आधी त्या विचारत, "कुठल्या कंपनीचा?" आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा असा काही होई, की आणणाऱ्याला वाटावं, आपण फोन आणला नाही, पोरगी वाईट घरात दिली.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी सांगलीहून म्हैसूरला आले, तेव्हा नजरबादमधल्या एका घराच्या पुढच्या भागात आम्ही भाड्यानं राहिलो. मागच्या भागात तुळजाबाई जगताप राहत. म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात त्यांचे कुणी पूर्वज घोड्यावर बसत, आणि त्या घोड्याचा ताठपणा अक्कांच्या मानेत उतरला होता असं माझा नवरा म्हणे. उंच, काटक, सुती साडी, संध्याकाळी अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं कालवलेलं, की सुरुवातीला त्या मला जेवायला बोलावताहेत की रागावताहेत हेच कळत नसे. उलट माझं मराठी ऐकून त्यांना हसू फुटे.

"तू पुस्तक वाचल्यागत बोलतेस कणे," त्या म्हणायच्या. "पुण्याची म्हणजे अस्संच, अल्वा?"

मी सांगलीची आहे हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. अक्कांच्या लेखी म्हैसूरच्या वर बेळगाव आणि बेळगावच्या वर सगळं पुणं. त्यांनी मला 'पुणेम्मा' हे नाव ठेवलं आणि गल्लीनं ते उचललं. दुधाच्या बूथवरचा माणूसदेखील मला त्याच नावानं हाक मारू लागला, तेव्हा मी नाद सोडला.

अक्कांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर. समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. त्या बोर्डावरून त्यांनी म्हैसूरची किती लग्नं, मयतं, बदल्या आणि निकाल इकडून तिकडं पोचवले असतील. स्वतः लग्न केलं नाही. एकदा मी आगाऊपणानं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "टाइम कुठला? मुलगा बघायला यायचा सकाळी, मी ड्युटीवरून येऊन झोपलेली." एवढं बोलून त्या कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, तळायला बसल्या.

फोन तपासायची त्यांची एक पद्धत होती. ज्याचा फोन त्यानं तो घेऊन गल्लीच्या टोकाला, दुधाच्या बूथपाशी जायचं आणि तिथून अक्कांच्या घरच्या फोनवर फोन लावायचा. लागला की बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. इकडे अक्का डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या. मग थोड्या वेळानं त्या म्हणत, "आयतु, झालं. आता बोल." बोलणं मात्र त्या फारसं ऐकत नसत. निकाल तोवर लागलेला असे. हा काय प्रकार आहे ते मला कळेना. शेवटी एकदा त्यांनीच समजावलं.

"ट्रंक जोडला म्हणजे दोन्ही बाजू लाइनवर आल्या की नाही बघायचं असतं. काही माणसं हलो म्हणतात, काही नाही म्हणत. घाबरलेली असतात, पाप. ट्रंक म्हणजे काहीतरी वाईटच, असं वाटायचं लोकांना. पण बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो. हिकडचा श्वास ऐकला, तिकडचा श्वास ऐकला, की लाइन बरोबर. मग मी माझी ऐकायची किल्ली बंद करायची. मत्ते पुढं ते काय बोलतात ते त्यांचं. श्वासापर्यंत माझं."

'पाप' म्हणजे म्हैसूरच्या मराठीत 'बिचारे', हेही मला तेव्हाच कळलं. कित्येक ऑपरेटर किल्ली उघडी ठेवून गावाची बित्तंबातमी ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी ती देवराज मार्केटात पोचे. अक्कांनी मात्र कधी कुणाचं ऐकलं नाही. मी हे त्यांच्या शब्दावर सांगत नाही. त्यांच्याबरोबरच्या एका बाईंनी मला सांगितलं, आणि तेही जरा कुरकुरतच सांगितलं.

अशा बाईला फोन बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल मतं असणारच. पण अक्कांची मतं साधी नव्हती, पक्की आणि उभा दावा मांडणारी होती. म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या कारखान्यांपैकी एकात त्या काळी टेलिफोनची यंत्रं बनत. तिथला एक इंजिनियर अक्कांच्या दूरच्या नात्यातला. बटणांचा नवा फोन त्यानं मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवायला आणला. हलका, फिक्या रंगाचा, सुबक. अक्कांनी रिसीव्हर उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"ह्याला वजन नाही."

"तेच तर, अक्का. हलका आहे. प्लॅस्टिक कमी लागतं, हात दुखत नाही."

"हात कुणाचा दुखत होता? वाईट बातमी ऐकताना माणसाला हातात काहीतरी धरायला लागतं. हे धरलं काय, न धरलं काय."

इंजिनियर हसला. पण काही महिन्यांनी तो पुन्हा आला तो फोन घेऊनच. बाहेरून तोच, रिसीव्हर मात्र चांगला वजनदार. अक्कांनी तो कानाशी नेऊन हलवला, आत काहीतरी टकटकलं. कंपनीनं आत लोखंडाचा तुकडा बसवला होता. अक्कांमुळे नव्हे, गिऱ्हाइकांची तक्रार होती म्हणून. अक्का मात्र त्या इंजिनियरवर खूश झाल्या आणि तो तुकडा स्वतःच्या सांगण्यावरूनच बसवला असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं. तो बिचारा मान डोलावून मोकळा झाला. त्याला त्यांनी डबा भरून कोडबळी दिली होती.

मग मोबाइल आले आणि अक्कांना काम वाढलं. निवृत्त झाल्या होत्या, वेळ भरपूर होता. पहिले फोन पायताणाएवढे होते, त्यांच्याशी त्यांचं बरं जमलं. मग ते लहान होत गेले तसा अक्कांचा संशय वाढत गेला. कुणी चार कॅमेऱ्यांचा फोन आणला की म्हणायच्या, "डोळे चार, तोंड केवढं? नोडु, हे बारीक भोक." बॅटरी आत बंद केली तेव्हा त्यांना संताप आला. "म्हणजे बॅटरी मेली की सगळ्यालाच सती पाठवायचं?" इअरफोनचं भोक काढून टाकलं आणि पाठोपाठ त्याच कंपनीनं बिनवायरचे कान विकायला काढले, तेव्हा मात्र त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांचं डोकं चालतं. माणूस चांगला नाही, पण डोकं आहे."

न्यायाला मात्र त्या पक्क्या. एका स्वस्त फोनात टॉर्च होती. ती बघून म्हणाल्या, "ह्या कंपनीत कुणाच्या तरी घरी लाइट जाते." पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा असायचा, त्यावर त्या बोट फिरवत बसत. "हे ज्यानं केलं त्याच्या घरी कुणीतरी डोळ्यानं अधू असणार. सुम्ने नाही सुचत असं." कंपनी म्हणजे कुठंतरी काचेच्या इमारतीत बसलेले लोक असं आपण समजतो. अक्कांना ती घरं वाटत. हे घर गिऱ्हाइकाला जेवायला वाढतं, ते घर ताट दाखवून उचलून नेतं. गल्लीतली माणसं त्यांचं ऐकत आणि शेवटी जाहिरातीतलाच फोन घेत. मीही घेतला. मला चार कॅमेरे हवे होते.

आता भीमरावांकडे येते, कारण अक्कांच्या सगळ्या मतांचा कस लागला तो भीमरावांपायी.

भीमराव अक्कांचे धाकटे भाऊ. जंगल खात्यात होते, कबिनी नदीकडच्या रानात आयुष्य घालवून एच. डी. कोट्याला घर बांधून राहिले. बायको आधीच गेलेली. मुलगा मंजुनाथ, सून, नातवंडं जवळ. भाऊ-बहीण दोघंच, आईवेगळी वाढलेली, आणि अक्कांनीच भावाला मोठं केलेलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की अक्का कोट्याला फोन लावत. मधली भिंत पातळ असल्यानं तो फोन मलाही ऐकू येई. इकडच्या भाज्यांपासून तिकडच्या हत्तींपर्यंत सगळं निघे. भीमराव मोठ्यानं हसत आणि त्यांचं हसू रिसीव्हरमधून भिंतीपलीकडे यायचं.

मग भीमरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, अर्धा चेहरा गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. बोलता काहीच येत नव्हतं, हं म्हणून हुंकारदेखील नाही.

मला वाटलं, रविवारचा फोन आता बंद होईल. झाला नाही. मंजुनाथ लँडलाइनचा रिसीव्हर वडिलांच्या कानाला लावून धरी आणि अक्का बोलत. बोलत आणि थांबत. थांबत आणि उत्तर मिळाल्यासारखं पुढं बोलत. "हौदा? हो का? तुला पण तसंच वाटलं ना?" एकदा मी न राहवून विचारलं, अक्का, ते बोलतात काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अडाणीपणाचं बोलले.

"श्वास घेतो की तो. हसला की बारीक बारीक घेतो. कंटाळला की लांब सोडतो. आईचं नाव काढलं की स्वल्प थांबवून धरतो. सगळं कळतं मला. जन्मभर काय केलं मी दुसरं?"



पुढं रस्ता रुंद करताना कोट्यातली ती लँडलाइनची तार तुटली. दुरुस्तीला कुणी आलं नाही. दसरा जवळ आला होता, तेव्हा मंजुनाथनं म्हैसूरला येऊन मोठ्या शोरूममधून एक शहाणा फोन घेतला. 'शहाणा फोन' हा अक्कांचाच शब्द. चांगला महागाचा, नव्या कंपनीचा. घेताना अक्काही बरोबर होत्या, आणि नेहमीप्रमाणे बूथपाशी पाठवून तपासणी करायचं त्यांनी ठरवलंही होतं, पण मंजुनाथची बस निघत होती. आयुधपूजा तोंडावर आली होती. म्हैसूरकडे त्या दिवशी गाडी, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, कोयता, जे काही पोटापाण्याला उपयोगी पडतं त्या सगळ्याला गंधकुंकू लागतं. अक्कांनी भाच्याला निघताना बजावलं, "फोनला पण पूजा कर. नीट कर. कुंकू लावताना कंजुषी नको."

मंजुनाथनं आत्याचं ऐकलं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी अक्कांनी फोन लावला आणि पलीकडून काहीच येईना. मंजुनाथ ओरडत होता, पण तो विहिरीच्या तळाशी बसून ओरडतोय असं वाटत होतं. भीमरावांचा तर मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शोरूमच्या दारात उभ्या. मी बरोबर होते, त्यांना आवरायला. मला ते जमलं नाही.

शोरूमचा मॅनेजर शफी म्हणून होता. मध्यम वयाचा, गोड बोलणारा, अक्कांना ओळखून असलेला. अक्कांनी कंपनीची, कंपनीच्या मालकाची आणि त्याच्या खानदानाची अशी काही हजेरी घेतली, की टीव्ही बघत उभी असलेली गिऱ्हाइकं टीव्ही सोडून इकडे बघू लागली.

"अम्मा, मेरे पे नक्को गुस्सा करो," शफी हात जोडून म्हणाला. "कंपनीवाले बनाते, हम बेचते. फोन लाके दिखाओ ना तुम."

मंजुनाथ दोन दिवसांनी फोन घेऊन आला. शफीनं तो उलटा केला, भिंगातून पाहिलं, टाचणी घेतली आणि खालच्या बारीक भोकातून काहीतरी टोकरून काढलं. वाळलेलं गंध आणि कुंकू. चांगलं ठासून भरलेलं. बोलायचं भोक तेच होतं. शोरूममधली पोरं फिदीफिदी हसू लागली. शफी हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

अक्का त्या लाल भुकटीकडे बघत राहिल्या. मग शफीला म्हणाल्या, "चूक आमची. देवाची पण नाही, आमची. कंपनीला मी बोलले ते परत घेते." आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोडबळ्यांचा डबा गेला. अक्कांची माफी नेहमी तळलेली असे.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती हसत हसत सांगत राहिले असते. पण रविवार आला. अक्कांनी फोन लावला, मंजुनाथचा आवाज खणखणीत आला. मला भिंतीपलीकडून कळलं, अक्का खूश आहेत. "दे, आता त्याला दे," त्या म्हणाल्या. मग त्या बोलू लागल्या. बोलल्या आणि थांबल्या. पुन्हा बोलल्या. पुन्हा थांबल्या.

"भीमा? मंजु, फोन दिलास का त्याला? कानाला लावलास?"

दिला होता. कानाला लावला होता. भीमराव ऐकत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, असं मंजुनाथ सांगत होता. अक्कांना मात्र काही ऐकू येत नव्हतं. नुसती शांतताही नव्हती ती. जुन्या लाइनवर निदान खरखर असे, दूरचं काहीतरी असे. इथं माणूस नसल्यासारखं कोरडं होतं सगळं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि मला बघून एवढंच म्हणाल्या, "तो आहे म्हणतात."

पुन्हा शफी. ह्या वेळी अक्का ओरडल्या नाहीत. शफीनं फोन तपासला, भोकं तपासली, दुसऱ्या फोनवर फोन लावून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो जरा अडखळत सांगू लागला. ह्या फोनची हीच तर जाहिरात होती. भर बाजारात उभं राहून बोला, पलीकडच्याला फक्त तुमचा आवाज जाईल. गाड्या, पंखा, वारा, माणसांची गडबड, सगळं फोन आपणहून गाळून टाकतो. श्वासही गाळतो. बोलणं तेवढं ठेवतो.

"माझा भाऊ म्हणजे गडबड काय?" अक्कांनी विचारलं.

शफीनं मान खाली घातली. "उसकू क्या मालूम, अम्मा. मिशीन है वो."

"मिशीनला माहीत नाही, बरोबर. ज्यानं केलं त्याला माहीत पाहिजे होतं."

हे गाळणं बंद करायचं बटण फोनात कुठं आहे, ते मंजुनाथनं आणि शफीनं मिळून शोधलं. नव्हतं. कंपनीनं ते ठेवलंच नव्हतं. गिऱ्हाइकाचा गोंधळ होऊ नये म्हणून बटणं कमी केली होती, असं शफीला वरून कळलं. अक्कांना ह्या गोष्टीचा राग सगळ्यात जास्त आला. चूक समजू शकते, त्या म्हणत; बटण ठेवायला काय जात होतं? ज्याला नको तो दाबणार नाही. अष्टे, एवढंच.

मंजुनाथनं व्हिडिओ कॉल लावून दिला. अक्कांनी भावाला पाहिलं, हात हलवला. पण भीमरावांचा चेहरा आता हलत नव्हता. "दिसतो," त्या मला म्हणाल्या. "फोटो पण दिसतो."

मग जे झालं ते आमच्या गल्लीनं बरेच दिवस सांगितलं. अक्कांनी शफीला शोरूममधला एकेक फोन घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि त्याला नुसता श्वास घ्यायला लावला. आत त्या कानाला फोन लावून, डोळे मिटून उभ्या. महागातले फोन सगळे नापास झाले. जितका महाग तितका कोरडा. शफी बाहेर बसून धापा टाकतोय हे बघून येणारे-जाणारे त्याला पाणी देऊ लागले. एका म्हाताऱ्यानं रिक्षा बोलावली. शेवटी त्यानं मागच्या कपाटातून एक बटणांचा फोन काढला. जुना माल, खोक्याचा कोपरा चेपलेला, लहान पडदा. त्यात गाळायचं डोकंच नव्हतं.

अक्का ऐकत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "शफी," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "तुला दम्याचा त्रास आहे. डॉक्टरला दाखव."

तो फोन कोट्याला गेला आणि रविवार परत सुरू झाले. पातळ भिंतीपलीकडून मला अक्कांचं बोलणं, थांबणं आणि मधूनच हसणं ऐकू येऊ लागलं, आणि आमचीही दुपार बरी जाऊ लागली. वर्षाहून जास्त ते सुख टिकलं. अक्का म्हणायच्या, हा फोन ज्या कंपनीनं केला तिला काही कळत नाही म्हणून तो चांगला आहे.

मग त्या फोनची बॅटरी फुगली. तसली बॅटरी मिळेना, कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. शफीनं कुठून कुठून एक जुनी मिळवून दिली. ती बसवली तोवर कोट्याकडे असल्या जुन्या फोनला लागणारा सिग्नलच कमी कमी होत गेला आणि एक दिवस बंद झाला. लोकांना आता हे फोन नको आहेत, असं कारण सांगण्यात आलं. "कुठले लोक?" अक्का विचारत राहिल्या. "मला तर कुणी विचारलं नाही."

अक्कांचं म्हैसूरवर वेड्यासारखं प्रेम होतं. तलकाडला वाळूतली देवळं बघायला गल्लीची सहल गेली, तेव्हाही संध्याकाळच्या आत घरी परत यायचं ह्या अटीवर त्या बसमध्ये चढल्या होत्या. सांगलीला माझ्याबरोबर चला म्हटलं की म्हणत, मैसूर सोडून माणूस जातो कशाला? त्या बाईनं एके दिवशी मला बोलावून सांगितलं की घर सोडते, कोट्याला जाते, कायमची.

"अक्का, नीट विचार केलात का?"

"विचार काय त्यात? कंपनीनं लाइन काढली. आता ऑपरेटरनंच जायचं."

म्हणताना त्या हसल्या, पण आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सामान निघालं त्या दिवशी गल्ली जमली. शफी दुकान सोडून आला होता, इनहेलर खिशात घेऊन. मी रडले. अक्का मला म्हणाल्या, "साकु, पुणेम्मा, पुरे आता," आणि टेम्पोत पुढच्या सीटवर चढून बसल्या. मागच्या भागात नवे भाडेकरू आले, त्यांच्याकडे फोन ढीगभर होते. गल्लीत कुणी नवा फोन आणला की थोडे दिवस लोकांचे पाय सवयीनं तिकडे वळत.

नंतर आमचीही बदली झाली, आणि ह्या वेळी खरोखरीच पुण्याला. निघण्याआधी आम्ही कोट्याला जाऊन आलो. मंजुनाथच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. अक्का वाळल्या होत्या, गजरा नव्हता, पण मान तशीच. मला वाटलं, इथं एकट्या पडल्या असतील, गाव लहान, ओळखी नाहीत, निदान फोनच्या कंपन्यांना शिव्या देऊन मन मोकळं करतील. मी मुद्दाम माझा नवा फोन पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, छान आहे म्हणाल्या आणि परत दिला. मग मला विचारू लागल्या, पुण्यात घर कुठं बघितलं, पाणी येतं का, शेजार कसा आहे.

अंगणात मुलं खेळत होती, माझा नवरा मंजुनाथशी राजकारण बोलत होता, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. अक्का मला कसलीशी चटणी करायची रीत सांगत होत्या. चिंच किती घ्यायची इथपर्यंत आल्या आणि वाक्य अर्धं टाकून उठल्या.

"पाणी पाहिजे त्याला," त्या म्हणाल्या.

मी आतल्या खोलीकडे कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. मंजुनाथनं मला हातानंच खूण केली, बसा, असं रोजच असतं. अर्ध्या उघड्या दारातून मला दिसलं, अक्कांनी भावाच्या मानेखाली हात घालून त्याचं डोकं उचललं होतं आणि भांडं ओठाला लावलं होतं. तो घोटाघोटानं पीत होता. पिऊन झालं तशी त्यांनी पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि वाकून काहीतरी विचारलं. भीमराव हलले नाहीत, चेहराही हलला नाही. अक्का क्षणभर थांबल्या आणि मग त्याच्या उत्तरावर खळखळून हसल्या.